दोन मिलीची टाकी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या मंडळी, कारण पुढं जी फजिती सांगणार आहे ती सगळी माझी स्वतःची आहे. आमच्या अंथुर्ण्यात ही गोष्ट सतरा प्रकारे सांगतात. एका प्रकारात तर मला पोलिसांनी जीपमध्ये घालून नेलंय! तसं काही झालं नाही. जे झालं ते त्याहून वाईट होतं. चहा ओता, सांगतो.

आधी मी कोण ते ऐका. मला सगळे नाना म्हणतात. चार एकर डाळिंब, दोन एकर द्राक्षं. पण माझं नाव आहे ते फवारणीत. इकडं बारामती, तिकडं पळसदेव, कुणालाही फवारणीचा पंप घ्यायचा असला की पहिला फोन मला येतो. टाकी किती लिटरची घ्यावी, नोझल कुठलं बसवावं, बॅटरी किती वेळ चालेल, सगळं मला विचारून. पंपाचा नुसता आवाज ऐकून वॉशर गेलाय का ते मी सांगतो. बढाई नाही, विचारा कुणालाही!

आमच्या शेजारच्या भानुदासनं एकदा डाळिंबावरचा तेल्या रोग हटत नाही म्हणून एका हंगामात तीन पंप बदलले. मी त्याला बांधावर चार माणसांत सुनावलं.

"भानुदास, पंप बदलून रोग जात न्हाय! टाकीत औषध तेच असंल, तर पंप सोन्याचा आणलास तरी काय उपयोग?"

हे वाक्य मी नंतर गावभर सांगत सुटलो. घरात जेवतानाही सांगायचो. तुम्ही ते लक्षात ठेवा, कारण ऐन वेळी मी विसरलो.

तर एवढ्या हुशार माणसाला एकच खोड. सिगरेट! तीस वर्षं झाली. पडवीत माझी एक खुर्ची आहे, तिच्या वरचा पत्रा धुरानं पिवळा पडलाय. बायको, म्हणजे आमची मंगल, पाहुण्यांना तो पत्रा मुद्दाम दाखवते.

आता आमची एकुलती एक लेक अश्विनी, घरात आशू. पुण्यात नोकरी करते, नवराही तिथंच. तिला दिवस गेले तेव्हा मी पेढे वाटले, खोली रंगवली, माळ्यावरचा पाळणा उतरवून त्याला तेलपाणी केलं. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय कुणी सांगायला पाहिजे? आणि मग तिचा फोन आला.

"पप्पा, पाळण्याचा फोटो बघितला. छान आहे. सिगरेटचं काय?"

"कमी केलीय की."

"कमी नको. पुढच्या रविवारी डोहाळजेवणाला येतोय आम्ही. तेव्हा घरात धुराचा वास आला, तर बाळंतपण पुण्यात. सासूबाई तयारच आहेत."

"अगं, लोक काय म्हणतील?"

"लोकांच्या फुप्फुसात नाही जाणार तो धूर. माझ्या बाळाच्या जाणार."

फोन ठेवला. मंगल समोरच उभी होती. ती नुसती त्या पिवळ्या पत्र्याकडं बघत राहिली. रंगवलेली खोली, तेल दिलेला पाळणा, आणि लेक दुसऱ्याच्या घरी! केवळ माझ्या दोन बोटांतल्या त्या काडीपायी.

पण मी हात टेकणारा माणूस नव्हे. अडचण आली की मी विचार करतो, आणि विचार केला की मला उपाय सापडतोच. तसा तो सापडला. दिवाळीत आमचे जावई, निखिलराव, गच्चीवर एकटेच उभे होते. हातात निळी पेनासारखी वस्तू, तोंडातून पांढरी वाफ, आणि वास कसला? पिकल्या पेरूचा! मला बघून दचकले, पेन खिशात घातलं आणि म्हणाले, "मामा, हे वेप असतं. धूर नसतो, नुसती वाफ." तेव्हा मी हसून सोडून दिलं होतं.

आता डोक्यात लख्ख उजेड पडला. आशूला धूर नको आहे. ह्यात धूर नाही. आणि नवऱ्याचं चालतंय, म्हणजे तिची हरकत नाही. झालं की काम!

लगेच जावयाला फोन लावला.

"जावईबापू, ते तुमचं वेपचं मशीन. नवशिक्यानं कुठलं घ्यावं?"

"मामा... हळू बोला. आशू शेजारीच आहे. आणि नका हो त्या भानगडीत पडू. बंदी आहे त्याच्यावर."

"बंदी? कुठं, युरोपला?"

"मामा, मी नंतर बोलतो." फोन कट!

आता तुम्ही म्हणाल, बंदी म्हटल्यावर तरी थांबायचं. पण आम्हा द्राक्षवाल्यांना विचारा बंदी म्हणजे काय. दर वर्षी यादी येते, हे औषध परदेशात चालत नाही, ते चालत नाही. मग ते एक्स्पोर्टच्या मालाला मारायचं नाही, एवढंच. तेच औषध लोकलच्या मालाला चालतं आणि दुकानात राजरोस मिळतं. मी काही युरोपला जाणार नव्हतो. मी पूर्ण लोकल माणूस.

आणि जावयाची ती कुजबुज? तीही मला ओळखीची वाटली. ज्याची बाग चांगली येते तो शेतकरी कधी कुणाला आपलं फवारणीचं वेळापत्रक सांगतो का? विचारलं की असाच फोन कट करतो. म्हटलं जावईबापू, ठेवा तुमच्यापाशीच. मी माझं निवडतो. ज्यानं हजार पंप निवडले त्याला वीतभराचं पेन निवडता येणार नाही?

मंगळवारी बारामती गाठली. बरोबर तात्या. तात्या भवानीनगरचे, माझे जुने दोस्त. साखर कारखान्यात सुरक्षा रक्षक होते, आता निवृत्त आहेत. पण खाकी पँट आणि तांबडे बूट काही सुटले नाहीत. मिशा अशा की रस्त्यात लोक आपोआप बाजूला होतात. स्वभाव मात्र गरीब गाईचा.

स्टँडजवळच्या पानवाल्याला विचारलं. त्यानं इकडंतिकडं बघून सांगितलं, "मागच्या गल्लीत मोबाईल कव्हरचं दुकान हाय. तितं विचारा. पण हळू."

"हळू कशाला?" मी तात्यांना म्हणालो. "माल कमी आला असंल, गर्दी होती म्हणून."

दुकान लहानसं. काउंटरमागं तिशीचा एक दाढीवाला. दोन गिऱ्हाइकं कव्हरं चाळत होती. मी दारातूनच विचारलं. माझा आवाज तुम्हाला माहीतच आहे, ह्या बांधावरून त्या बांधावर जातो.

"नमस्कार! वेपचं मशीन पाहिजे. नवशिक्याला चालंल असं!"

दोन्ही गिऱ्हाइकं कव्हरं टाकून बाहेर पडली. दाढीवाल्यानं माझ्याकडं पाहिलं. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, काखेत डायरी. मग त्यानं माझ्यामागं दाराकडं पाहिलं. दारात तात्या, हाताची घडी घालून उभे.

"काका, आमच्याकडं तसलं काय नसतंय."

"असं कसं? आमाला खात्रीची माहिती हाय."

"आणि... हे कोण?"

"हे तात्या. कुठंबी गेलो तरी माझ्याबरोबर असत्यात."

तात्यांना वाटलं आपणही काहीतरी बोलावं. म्हणाले, "घाबरू नका. आमी आधी नुसतं बघतो."

दाढीवाल्याच्या कपाळावर घाम आला. मला वाटलं, पंखा हळू आहे. त्यानं खाली वाकून एक खोकं वर काढलं. त्यात रंगीबेरंगी पेनं. मी चष्मा लावला, डायरी उघडली आणि सुरू झालो. वस्तू कशी निवडावी हे बघायला खरं तर तिथं चार माणसं जमायला हवी होती!

"हं. टाकी किती लिटरची?"

"लिटर? दोन मिली."

"दोन मिली? अवो, दोन मिली म्हणजे आमच्यात औषधाचं माप! टाकीचं न्हाय. मोठी न्हाय का?"

"आहे ना, ही दहाची. पण नवीन माणसाला लहानच बरं. ह्याला काय करावं लागत नाही, ओढलं की चालू. संपलं की फेकून द्यायचं."

"फेकून? बॅटरीसकट?" मी कडाडलो. "लिहून घेतो हे. आणि आत काय हाय? प्रमाण काय? बॅच नंबर कुठाय? कुठं तयार झालं, कवा संपतं, कायबी छापलेलं न्हाय! त्रिकोण कुठाय?"

"कसला त्रिकोण?"

"विषाचा त्रिकोण! औषधाच्या डब्यावर असतो तो. लाल म्हंजी जहाल, पिवळा, निळा, हिरवा. ह्याच्यावर एकबी न्हाय. कुठून येतो हा माल? महिन्याला किती खपतो?"

हे सगळं मी औषधाच्या दुकानात नेहमी विचारतो. बोगस माल फार निघालाय हो! जो विचारत नाही तो बुडतो. डायरीत मी एकेक उत्तर टिपत होतो, आणि दाढीवाल्याचा आवाज बारीक बारीक होत चालला होता.

"आणि बिल पक्कं लागंल," मी म्हणालो. "दुकानाच्या नावासकट, सही-शिक्क्याचं."

एवढं ऐकलं आणि त्यानं हात जोडले. इतका वेळ मी काका होतो, आता एकदम साहेब झालो.

"साहेब, बिल नको. तुमी हे सगळं खोकंच घेऊन जावा. पैसे नकोत. फक्त जरा... सांभाळून घ्या."

तुमच्या लक्षात आलं ना, तो मला काय समजला? माझ्या नाही आलं! कारण मला सवय निराळी. नवीन औषध आलं की कंपनीवाले माझ्याकडं येतात. नाना, तुम्ही प्रगतशील शेतकरी, दोन बाटल्या डेमोला घ्या, फुकट, चांगला रिझल्ट आला की चार लोकांना सांगा. बांधावर त्यांच्या नावाचा बोर्डही लावून जातात. म्हटलं, हाही तसाच दिसतोय. माझे प्रश्न ऐकून माणूस ओळखला त्यानं!

"डेमो म्हणून देताय व्हय? असू द्या," मी खोकं काखेला मारलं. "तुमच्या दुकानाच्या नावाचा बोर्ड लावू का?"

"नको नको साहेब! नाव कुठंच नको!"

"बरं. आठ दिवसांत रिझल्ट कळवतो."

तो खुर्चीत बसला, म्हणजे खुर्ची होती म्हणून बसला. बाहेर आल्यावर मी तात्यांना म्हणालो, "किती नम्र माणूस हाय बघा." तात्या म्हणाले, "व्हय, पण त्याला बरं न्हाय वाटतं."

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी बागेत पहिला प्रयोग केला. सकाळी, ऊन आणि वारा वाढायच्या आत, कारण फवारणीची वेळ तीच. आंब्याचं पेन घेतलं, पंपाचा दांडा ओढतात तशी सगळा जोर लावून ओढ घेतली. आई गं! डोळ्यांपुढं इंदापूर तालुका फिरला. असा ठसका लागला की चार एकरांतली पाखरं उडाली. मंगल घरातून ओरडली, "आंबा कुणी कापला?" कार्तिकात!

पण वाया काही जाऊ दिलं नाही मी. सकाळी पेन, संध्याकाळी सिगरेट, असं ठेवलं. का? सांगतो ना. एकच औषध सारखं मारलं की रोग त्याला दाद देत नाही, म्हणून आलटूनपालटून मारायचं असतं. हे आमचं शास्त्र आहे.

रविवार उजाडला. दारात मांडव, अंगणात झोपाळा फुलांनी सजवलेला, त्यावर हिरव्या साडीत आशू. काय दिसत होती माझी पोर! जावई कोपऱ्यात झब्बा घालून. आणि मधल्या खुर्चीवर विहीणबाई. बाई स्वभावानं चांगल्या, पण त्यांचं नाक फार तिखट. आल्या आल्या सोफ्याची उशी हुंगली.

ओटी भरून झाली आणि बाईंनी विषय काढला. "नाना, पहिलं बाळंतपण माहेरी, हे मलाही मान्य आहे. पण बाळाच्या छातीचा प्रश्न आहे. आमच्याकडं कसं, धुराचं नाव नाही. आमच्या निखिलला सुपारीच्या खांडाचंसुद्धा व्यसन नाही हो!"

सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मंगलनं मान खाली घातली. आशूच्या डोळ्यांत पाणी होतं, तिलाही इथंच यायचं होतं ते मला दिसत होतं. अशा वेळी कर्तबगार बापानं काय करावं? मी आत गेलो आणि खोकं घेऊन आलो.

"विहीणबाई, ह्या घरात आता धूर बंद. हे बघा!"

ओटीच्या ताटात, नारळ आणि खणाच्या शेजारी, मी एकेक पेन मांडत गेलो. पाच सुवासिनी वाकून बघायला लागल्या. एकीनं तर लिपस्टिक समजून उचललं.

"हे आंब्याचं, हे जांभळाचं. आणि हे निळं, हे खास! आपल्या जावईबापूंचं मॉडेल! दिवाळीत गच्चीवर ओढत हुते तेच!"

झोपाळा थांबला.

"निखिल," विहीणबाई म्हणाल्या, "काय म्हणतायत हे?"

जावयांचा चेहरा झब्ब्यापेक्षा पांढरा. "ते... मी सोडलंय आता."

"सोडलंय?" आशू सावकाश म्हणाली. "म्हणजे धरलं कधी होतं?"

आता मला वाटलं आपण मदत करावी. जावई आपला, त्याला एकटं पाडून कसं चालेल?

"अगं आशू, चिडतीस काय? नुसती वाफ हाय ती! आणि बंदीबी फक्त युरोपला हाय."

"भारतात आहे, पप्पा. विकायला, आणायला, साठवायला, सगळ्याला. आणि ह्यात सिगरेटमधलंच निकोटिन असतं. तुम्हाला हे दिलं कुणी?"

"डेमोला मिळालं."

"आणि सिगरेट? ती तरी सुटली?"

माझ्याआधी मंगल बोलली. तीस वर्षं ती ह्या संधीची वाट बघत होती. "पडवीत रोज दोन थोटकं झाडती मी. विचारलं तर म्हणत्यात, आलटूनपालटून चाललंय!"

आशू झोपाळ्यावरून उतरली. माझ्यासमोर आली. ओरडली असती तर परवडलं असतं. ती हळू आवाजात बोलली.

"पप्पा, मी सिगरेट सोडा म्हणाले होते. तुम्ही पंप बदललात. टाकीत औषध तेच!"

मांडवात भानुदास जेवायला बसला होता. त्याच्या हातातली जिलेबी तशीच राहिली आणि तो असा हसला, असा हसला, की त्याला पाणी पाजावं लागलं. माझं वाक्य! मीच घडवलेलं, माझ्याच लेकीनं, माझ्याच दारात, माझ्याच तोंडावर मारलं.

मग तिनं निकाल दिला. "नववा महिना लागायला दीड महिना आहे. ज्या घरातला माणूस खरोखर सोडेल, त्या घरी बाळंतपण. दोघांनी सोडलं तर माहेरी. कुणीच नाही सोडलं, तर मी माझ्या मैत्रिणीकडं जाते. आणि हे खोकं उद्याच्या उद्या घराबाहेर." विहीणबाईंना सुपारीच्या खांडाचं नाव काढायची सोय राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी आणि तात्या खोकं घेऊन बारामतीला. दुकानात नुसती कव्हरं, दुसरं काही नाही. देवाच्या फोटोला नवा हार, पुढं उदबत्ती. आम्हाला बघून दाढीवाला उभा राहिला.

"साहेब, बंद केलं सगळं. शपथ. रिझल्ट... काय लागला?"

"फार वाईट," मी म्हणालो. "लई मोठं प्रकरण झालं."

"कुठपर्यंत गेलं?"

"पुण्यापर्यंत."

त्यानं काउंटर धरला. तेव्हा कुठं तात्यांना दया आली. "अवो, पुण्याला त्यांची विहीण हाय. तिच्यापर्यंत गेलं."

"विहीण? मग साहेब, तुमी कुठल्या खात्यात?"

"खात्यात? मी डाळिंबवाला. अंथुर्ण्याचा."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग तात्यांच्या बुटांकडं. मग परत माझ्या डायरीकडं. तेव्हा त्याच्या आणि माझ्या, दोघांच्या डोक्यात उजेड एकदमच पडला. मला वाटलं हा आता मारतो. पण तो मटकन बसला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

"काका, सहा रात्री झोपलो न्हाय मी! मी स्वतः ओढत हुतो, तेबी सुटलं भीतीनं!" आमच्यासमोर त्यानं खोक्यातली पेनं मोडून निकामी बॅटऱ्यांच्या डब्यात टाकली आणि वर आम्हालाच चहा पाजला.

म्हणजे बघा हिशोब. दुकानदाराची सुटली भीतीनं, जावयाची सुटली लाजेनं. माझ्या डेमोचा रिझल्ट दोन्ही ठिकाणी शंभर टक्के! राहिलो कोण? मीच. परत येताना तात्या गाडीत सहज म्हणाले, "नाना, आता मशीन कुठलं घ्यायचं?" मी खिशातलं सिगरेटचं पाकीट काढून त्यांच्या हातात दिलं. म्हटलं, कुठलंच न्हाय.

ते पुढचे दिवस माझे मला माहीत. बडीशेप खाऊन खाऊन तोंडाला हिरवा रंग चढला. गरज नसताना बाग तीनदा छाटायला निघालो, मजुरांनी कात्री लपवली. रात्री पाळण्याशेजारी बसायचो, तो रिकामाच हलवायचो, आणि सकाळी आशूला फोनवर सांगायचो, आजचा दिवस गेला. तिकडून जावईही तेच सांगायचे. सासरा-जावई इतके जिवाभावाचे कधी झाले नव्हते. नवव्याच्या आधी लेक माहेरी आली. घरात आली, उशी हुंगली, पत्र्याकडं बघितलं. मी तो नवीन बसवला होता. ती माझ्या गळ्यात पडली. मी रडलो, लपवत नाही.

नात झाली! पाळणा भरला. गावात मी परत छाती काढून फिरायला लागलो.

आणि मग एक दिवस अंगणात बसलो होतो. शेजारी तात्या आणि भानुदास. तोंडात बडीशेपेचा बकाणा. इतक्यात घरातून धूर आला. साधासुधा नाही, खिडकीतून लोटच्या लोट! आणि आतून आशूचा आवाज.

"पप्पाऽऽ! लाज नाही वाटत? घरात बाळ आहे!"

मी तोंड उघडलं, पण बडीशेपेनं बोलता येईना. तेवढ्यात मागच्या दारानं मंगल बाहेर आली, पदरानं डोळे पुसत. हातात धुपाटणं. बाळाच्या न्हाण्यानंतर ओव्याची आणि बाळंतशेपांची धुरी द्यायची, हे तिच्या आईनं शिकवलेलं. आणि लेकीनं तिला सक्त बजावलेलं, की कसलीच धुरी नको. धुपाटणं तिनं माझ्या खुर्चीखाली सरकवलं.

"अवो," ती कानात पुटपुटली, "एवढं घ्या की तुमच्या नावावर. तुमचं खपून जातंय."

तात्या आकाशाकडं बघायला लागले. भानुदासनं तोंडात रुमाल कोंबला. मी बडीशेप गिळली, खुर्चीखालून धूर येतोय तसा येऊ दिला, आणि ह्या बांधावरून त्या बांधावर जाणाऱ्या आवाजात ओरडलो,

"चुकलं गं आशू! शेवटचीच हुती!"